पंचवीस सीड्या

बाई, तुमच्या स्वयंपाकघरात पेटी शिकायला यायचे तेव्हा एकदा मी भावाचा टेपरेकॉर्डर दप्तरात लपवून आणला होता. तुम्हाला तो दिसला. पोळी तव्यावर तशीच सोडून तुम्ही म्हणालात, "हे काय करून राहिली तू? शिकायचं तर बसून शीक. माझं गाणं अख्ख्या मोहल्ल्यात वाटणार आहेस काय?" बाई गाण्याच्या बाबतीत फार चिक्कू आहेत, असं मी घरी जाऊन आईला सांगितलं. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, मी नागपूरहून फ्रीमाँटला आले, तरी माझं मत तेच होतं. गाणं वाटल्यानं वाढतं, असं इथेही सगळ्यांना ऐकवायचे.

इथे लॅबमध्ये माझ्या शेजारी बसणारा मित्र ह्मोंग आहे. व्हिएतनामच्या लढाईनंतर लाओसच्या डोंगरांतून इकडे अमेरिकेत आलेले हे लोक. मूठभर, आणि बरेचसे एकमेकांच्या नात्यातले. तो दोन भावांबरोबर बँडमध्ये गायचा. म्हातारे म्हणत, गिटारीपायी आपले शब्द बिघडवलेत. पोरं म्हणत, इंग्लिशमध्ये गा ना. दोन हजार चार साली तिघांनी गॅरेजच्या भिंतींना गाद्या टेकवून एक सीडी केली. दुकानं ती ठेवायला तयार नव्हती. विकायची जागा एकच, फ्रेस्नोला भरणारा त्यांच्या नववर्षाचा मेळा. "ही चालली तर दुसरी करू," तो म्हणाला. "नाही चालली तर भाऊ सोडतायत."

पहिली सीडी मी विकत घेतली. इतकी आवडली की घरी बसून पंचवीस कॉप्या काढल्या, वर निळ्या मार्करनं नाव लिहिलं. काही इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीत वाटल्या. "कुठली भाषा आहे कुणास ठाऊक, पण मस्त आहे यार!" असं लोक म्हणाले आणि मी फुलून गेले. उरलेल्या आमच्या कंपनीत असेंब्लीला, म्हणजे सुटे भाग जोडायला बसणाऱ्या ह्मोंग बायकांना दिल्या, त्यांना आपल्या माणसाचं कौतुक वाटेल म्हणून. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र, बाई, आणि वर मी उदार.

मेळ्याला मुलीला घेऊन गेले. चांदीची नाणी लावलेले पोशाख, शेगड्यांचा धूर, आणि टेबलामागे हे तिघे. बायका येतात, दोन ओळी ऐकतात, हसून काहीतरी बोलतात आणि पुढे जातात. तो मला अर्थ सांगतो, "म्हणतात, आमच्याकडे आहे ही." दुपारी त्याच्या सख्ख्या मावशीनं पिशवीतून एक सीडी काढून सहीसाठी पुढे केली. असेंब्लीतल्या कुणीतरी तिला दिलेली. निळी अक्षरं माझी होती. मावशीला काय बोलणार! त्यानं सही केली. मी मुलीचा हात धरून खाण्याच्या रांगेत जाऊन उभी राहिले. लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त भीती.

बँड मोडला. गेल्या महिन्यात घर बदलताना तो आपला कीबोर्ड उचलून आमच्या दारात आला. "हिला शिकव," माझ्या मुलीकडे बघत म्हणाला. "ऑफिसमध्ये विकत घेणारी तू एकटीच होतीस." मुलगी म्हणाली, "थँक यू, अंकल!" मीही म्हणाले. मग मी चहा केला, तो दोन कप प्यायला, मुलांच्या शाळांविषयी बोललो. तो तासभर बसला होता, आणि त्या पंचवीस सीड्यांचा विषय मी काढला नाही.

हे सगळं लिहायचं होतं त्याला, बाई. तुम्हाला लिहिलं, कारण तुमचं उत्तर येणार नाही.