कॅसेट, अभिप्रायार्थ

बाबूजी,

मागच्या आठवड्यात मी खाप्याला आत्याकडे जाऊन आले आणि तेव्हापासून तुम्हाला एक गोष्ट सांगायची म्हणून घरभर फिरते आहे. तुम्ही नाही, याची इतक्या वर्षांनी सवय व्हायला हवी होती. झालीही आहे. पण काही बातम्या ज्याच्या त्यालाच सांगाव्या लागतात, म्हणून शेवटी कागद घेऊन बसले. यावर विषय लिहिलेला नाही, संदर्भ नाही, डावीकडे समासही नीट सोडलेला नाही. तुमच्या ऑफिसात हा कागद पहिल्याच टेबलावरून परत आला असता.

तुमचं ऑफिस नागपुरात सदरला होतं असं नुसतं म्हणायचं. खरं तर ते आपल्या स्वयंपाकघरात भरायचं. साहेबासमोर फाईल जाण्याआधी खालच्या प्रत्येकाचा अभिप्राय त्यावर हवा, हा नियम तुमच्या अंगात इतका मुरला होता की आईने भाजीची चव विचारली तरी तुम्ही आधी माझ्याकडे बघायचात. ती म्हणायची, "मीठ बरोबर हाये का?" आणि तुम्ही म्हणायचात, "पोरीले विचार, मंग मी सांगतो." आई चिडायची. "जीभ तुमची हाये का पोरीची?" तुम्ही शांतपणे माझ्या उत्तराची वाट बघत बसायचात, मी मान हलवली की आणखी एक घास चावून म्हणायचात, "बरोबर हाये." माझ्यासाठी गिटार घ्यायची ठरली तेव्हा तर तुम्ही भजनी मंडळाच्या पेटीवाल्याला विचारलं, शेजारच्या मास्तरांना विचारलं आणि दुकानात येताना चक्क एका सुताराला घेऊन आलात. त्याने गिटार उलटी करून टिचक्या मारल्या आणि लाकूड हलकं आहे पण जोड पक्का आहे असं सांगितलं, तेव्हा कुठे तुम्ही हो म्हणालात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आता तो सुतार आठवला की हसू येतं.

त्याच गिटारीवर आम्ही ती कॅसेट केली. मी, माझी कॉलेजातली मैत्रीण आणि बोंगो वाजवणारा तिचा भाऊ. एका फोटो स्टुडिओच्या माडीवर जाहिराती रेकॉर्ड व्हायच्या, तिथली खोली मिळाली. महिना मे. आवाज येतो म्हणून पंखा बंद, खिडक्यांना गाद्या लावलेल्या, आणि आम्ही तिघं घामाने निथळत प्रेमाची, सायकलींची, उशिरा घरी येण्याची गाणी म्हणतो आहोत. गाणी मी लिहिली होती, आपण घरी बोलतो तशीच. मैत्रीण मूळची पुण्याची. वहीवरून नजर फिरवून ती म्हणाली, "मले, तुले सगळं काढ गं. लोक विनोदी गाणं समजून हसतील." ती चुकीचं बोलत नव्हती, त्या काळी आपली बोली स्टेजवर फक्त हसवायलाच यायची. मी सगळीकडे 'मला' केलं. फक्त उशिरा घरी येणाऱ्या मुलीच्या गाण्यात, शेवटच्या कडव्यात, जीभ घसरली. "मला काही सांगू नका, मी आत्ताच आले" अशी ती ओळ होती आणि मी "मले काही सांगू नका" म्हणून बसले. पुन्हा घेऊ म्हटलं तर रेकॉर्डिंगवाला शर्टाने मान पुसत म्हणाला, "राहू द्या ना ताई, कोणाच्या ध्यानात येऊन राहिलं!"

कॅसेट निघाली आणि कुठे ठेवायची हेच दुकानदाराला कळेना. भक्तिगीत नाही, भावगीत नाही, सिनेमाचं नाही. शेवटी त्याने ती बालगीतांत लावली. अभिप्राय मात्र भरपूर मिळाले. समोरच्या काकू म्हणाल्या, सगळं छान आहे, पण गाणं सुरू कधी होतं? मामा म्हणाले, पेटी नाही, तबला नाही, मग हे बसवलं कशाच्या जिवावर? कॉलेजातल्या सरांचं म्हणणं, इंग्रजी चालीत मराठी शब्द म्हणजे पुरणपोळीला लावलेला जॅम. पुण्याहून मैत्रिणीच्या मावशीने कळवलं की आवाज बरा आहे, पण मुलगी कुठली आहे ते लपत नाही. आणि इथले लोक विचारत, ही गाणारी पुण्याची का? मी हे सगळं नकला करून मैत्रिणींना सांगायची आणि आम्ही पोट धरून हसायचो. लोकांनी नावं ठेवली याचं मला फारसं काही वाटलं नाही, खरंच. आम्ही दुसरी कॅसेट करणारच होतो.

तुम्हाला कॅसेट दिली तो रविवार होता. तुम्ही वांगं भाजत होतात, कारण भरताचं वांगं भाजायचं खातं तुमच्याकडे होतं. हात पुसून तुम्ही कॅसेट घेतली, माझा फोटो बघितला, उलटून गाण्यांची नावं वाचली आणि फडताळात ठेवून दिली. "सांगतो," म्हणालात. एवढंच. मी वाट बघते आहे. एक रविवार जातो, दुसरा जातो. टेपरेकॉर्डर तुमचा, भजनं ऐकायचा, पण त्यावर माझी गाणी मी कधी ऐकली नाहीत. एकदा मी खोलीत सराव करत होते तर दारातून म्हणालात, "दार लोटून घे वं, इकडे हिशोब चुकून राहिला." मी दार लोटून घेतलं आणि नंतर ते लोटलेलंच ठेवलं. दिवाळीच्या आधी तुम्ही गेलात. ऑफिसातून घरी आलात, चहा मागितलात आणि चहा व्हायच्या आत गेलात. पुढे मी गिटार शिकवून संसाराला हातभार लावला, पण दुसरी कॅसेट केली नाही आणि पहिली पुन्हा कधी लावली नाही. माझ्या वडिलांनी माझी गाणी ऐकलीसुद्धा नाहीत, हे वाक्य मी मनात इतक्यांदा म्हटलं की त्याचीच एक चाल झाली. नावडली असती तर चाललं असतं, बाबूजी. ऐकून नाक मुरडलं असतंत तरी चाललं असतं.

तर मागच्या आठवड्यात आत्याकडे बसले होते. तुमची ही धाकटी बहीण आता नीट चालत नाही, पण जीभ अजून तुरुतुरु चालते. तिचा नातू मोबाइलवर कोण्या गिटारवाल्याचं गाणं बघत होता. आत्या म्हणाली, "हा तं तुह्यासारखंच वाजवून राहिला वं." मी म्हटलं, तू माझं कधी ऐकलंस? "ऐकलं म्हंजे? दादानं ऐकवून ऐकवून डोकं उठवलं होतं आमचं!"

मग तिने सांगितलं. ऑफिसचं काम म्हणून तुम्ही रविवारी बाहेर पडायचात, ते पिशवीत टेपरेकॉर्डर घालून खाप्याला जायचात. नागपुरात लोक पोरीचं तोंड पाहून चांगलं म्हणतील, खाप्याचे खरं सांगतील, असं तुमचं म्हणणं. आत्याच्या ओसरीवर चक्कीवाला, शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, शेजारपाजारच्या बाया अशी सभा भरायची आणि तुम्ही एकेकाला विचारायचात, कसं वाटलं? चक्कीवाला म्हणाला, आवाज गोड हाये, पण गाणं संपलं कवा ते समजत नाही. गुरुजी म्हणाले, शब्द फार शुद्ध आहेत. त्यावर तुम्ही म्हणालात, "तेच तं बिघडलं ना गुरुजी." आणि ते उशिरा घरी येणाऱ्या मुलीचं गाणं लागलं की शेवटच्या कडव्याला तुम्ही बोट वर करायचात. "थांबा. आता ऐका." 'मले' आलं की म्हणायचात, "हे आपली पोरगी." आत्या म्हणाली, "म्या म्हटलं, अन् बाकीची कोणाची हाये? तं म्हणे, बाकीची तिच्या मैत्रिणीची हाये."

मी विचारलं, मग मला काहून नाही सांगितलं? माझ्या तोंडून 'काहून' आलं, एवढी मी हलले होते. आत्याने नातवाला मोबाइल बंद करायला लावला. मग म्हणाली, "साऱ्यायचे अभिप्राय झाले होते. माहाच राहिला होता. दर खेपेले विचारे, तू सांग, तुहं झालं का पोरीले सांगतो. मले तं नव्हती आवडली बाप्पा, लय घाई घाई गाते तू. पण दादाले वाईट वाटन म्हणून म्या आज सांगते, उद्या सांगते, केलं. अन् तेवढ्यात तो गेला." तिचे डोळे भरले. "माह्यापाशीच अडकलं वं सारं." मी उठून तिला मिठी मारली. खरं सांगते, बाबूजी, मला तिचा राग आला नाही, तुमचाही आला नाही. मला फक्त एकदम हलकं वाटलं. तुम्ही ऐकली होती. एकदा नाही, इतक्यांदा, की कोणतं अक्षर कुठे घसरलं ते तुम्हाला पाठ होतं. तुमचं मौन म्हणजे नकार नव्हता, फाईल आत्याच्या टेबलावर होती.

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसून रडत होते आणि मधेच हसतही होते. शेजारी एक बाई मांडीवर मेथीच्या जुड्या घेऊन बसली होती. तिने बराच वेळ पाहिलं आणि न राहवून विचारलं, "काय झालं वं बाई? कोणी गेलं का?" मी म्हटलं, नाही हो, चांगली बातमी आहे. माझ्या वडिलांनी माझी गाणी ऐकली. तिला त्यात विशेष काय ते समजलं नसावं, पण बाई भली होती. मेथी सावरत म्हणाली, "मंग? आवडली का त्यायले?"

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा कबूल करायला हरकत नाही. आत्याने कितीही सांगितलं तरी तुम्ही 'आवडली' म्हणालात असं तिने एकदाही म्हटलं नाही. मी त्या बाईला म्हटलं, "हो, खूप." ते मी पदरचं घातलं, बाबूजी.