वाणातल्या कॅसेटी

१७ जानेवारी १९९१, डोंबिवली

उद्या आमच्याकडे हळदीकुंकू, आणि माझा जीव आत्तापासून खालीवर होतोय. वाण म्हणून सूनबाईने माझ्या मैत्रिणीच्या, सुलभाच्या भावगीतांच्या कॅसेटी आणल्यात. ठाकुर्लीच्या दुकानातून कॉपी करून!

"अगं, ती स्वतः येणार आहे उद्या."

"मग खूशच होतील की, आई! गाणी घरोघरी जातील."

जातील. पण कॉन्व्हेंटच्या प्रार्थनेत माझ्याशेजारी गाणाऱ्या सुलभाने सोन्याच्या बांगड्या मोडून ही कॅसेट काढली. ती खपत नाही, खोकी तिच्या दिवाणाखाली पडून आहेत. आणि आम्ही कॉप्या वाटायच्या? सूनबाईने हौसेने रिबिनी बांधल्यात, तिला तरी कसं दुखवू?

वाण कोणी नाकारत नाही. सुलभा हसून पदरात घेईल, आणि तेच मला बघवणार नाही.