हुल्ता तळ्याची राखण

१४ जुलै
तळे-रक्षण समितीची अध्यक्ष झाले. एकमताने. सभेला मी, स्टूरे आणि शेजारचा इंगेमार. स्टूरे माझा नवराच असल्यामुळे मतदानाला फार वेळ लागला नाही.
निश्चय: गोड्या पाण्यातल्या आपल्या अस्सल जातीच्या शेवंडी अख्ख्या जिल्ह्यात फक्त आमच्या तळ्यात उरल्या आहेत. माझ्या हयातीत त्या मरणार नाहीत.

१६ जुलै
घरोघर जाऊन समजावलं. अमेरिकन शेवंड स्वतः आजारी पडत नाही, पण तिच्या अंगावरची बुरशी आपल्या शेवंडींचा पंधरा दिवसांत फडशा पाडते. तिने स्वतः इथे यायचीही गरज नाही. तिच्या तळ्यात बुडालेला, शेवंडी पकडायचा एक ओला सापळा पुरतो.
लोकांनी कॉफी दिली, दालचिनीचे बन दिले, हो हो म्हणाले. मी सत्तावीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं आहे. ‘हो हो’चा अर्थ मला कळतो. सक्ती हवी.

२१ जुलै
मत्स्य खात्याच्या पत्रकात लिहिलं आहे: सापळे सत्तर अंशांत पाच तास सुकवा. सत्तर अंश कुठे? आमच्या सॉनात, घाम काढायच्या लाकडी खोलीत.
नवा नियम: तळ्यात उतरणारा प्रत्येक सापळा आधी माझ्या सॉनात.
इंगेमार म्हणाला, अगं, माझे सापळे चाळीस वर्षांत या तळ्याबाहेर गेले नाहीत, त्यांना कसली अंघोळ घालतेस? म्हटलं, नियम म्हणजे नियम. म्हणाला, मास्तरीणबाई, तुझ्या धाकाने बुरशी आपण होऊन गाव सोडेल.
कौतुक म्हणून घेतलं.

२ ऑगस्ट
इंगेमारचा जावई योरान सुट्टीवर आला. त्याच्याकडच्या तळ्यात अमेरिकन शेवंडी आहेत, हे मला ठाऊक होतं. गाडीची डिकी उघडायला लावली. सहा सापळे, अजून ओले! म्हणाला, काकू, हे इथे वापरणारच नाही, डिकीतच पडू देत. जावई असं म्हणतातच. सहाही ताब्यात घेतले.
मी नसते तर या तळ्याचं काय झालं असतं?

५ ऑगस्ट
सगळ्या तळ्याचे मिळून एकोणचाळीस सापळे सॉनात. वरच्या फळ्यांवर मावले असते, पण मग आम्ही बसायचं कुठे? पाच तास लाकूड जाळायचं आणि कोणी घाम गाळायचा नाही, हे पाप. सापळे खाली जमिनीवर एकावर एक रचले, आम्ही दोघं वर. तापलेल्या दगडांवर स्टूरेने पाणी ओतलं. मीही ओतलं. सॉनात बसून पाणी न ओतणारा माणूस मी पाहिलेला नाही.
खाली उतरल्यावर स्टूरे म्हणाला, गुनवर, इथे जमीन गारच आहे की. त्याचं रक्ताभिसरण पहिल्यापासून वाईट.

७ ऑगस्ट
शेवंडी पकडायचा हंगाम सुरू. सापळे परत दिले, प्रत्येकाला माझ्या सहीची चिठ्ठी. योरानला म्हटलं, आता शुद्ध झाले, खुशाल टाक तळ्यात. त्याचा चेहरा उजळला. कडक माणसालाही मन मोठं ठेवता येतं.

१९ ऑगस्ट, दुपारी दोन
यश! भर दुपारी शेवंडी काठाने फिरताहेत. ही जात दिवसा दगडाखालून बाहेर येत नाही. म्हणजे संख्या इतकी वाढली की दगड पुरेनात. पाय ताठ करून चालतात, संचलनासारख्या.
इंगेमारला हाक मारली. त्याने वाकून बघितलं. म्हणाला, गुनवर, या आजारी आहेत. म्हटलं, तुला चांगलं बघवतच नाही.

२० ऑगस्ट
एक शेवंड उलटी पडलेली. म्हातारी असावी.

२१ ऑगस्ट, सकाळी सहा
मेलेल्या शेवंडींच्या दोन बादल्या. दाताळ्याने ओढते आहे. पाणी तापलं असणार. मोजलं. तापलेलं नाही.
सात वाजता: तिसरी बादली. कोणीतरी चिठ्ठीशिवाय सापळा टाकला असणार. वही तपासली. सगळ्यांना चिठ्ठी आहे.
आठ वाजता: एक जिवंत सापडली. हातात धरून उभी राहिले. कितीतरी वेळ. स्टूरे म्हणाला, सोड आता, गेली ती.

२३ ऑगस्ट
मत्स्य खात्याची बाई आली. मी वही दाखवली, सॉना दाखवला. तिने विचारलं, तापमापक कुठे असतो? म्हटलं, वरच्या फळीशी, तिथेच तर वाचता येतो. तिने वाकून जमिनीवर तळवा टेकला. मग विचारलं, दगडांवर पाणी ओतलंत? म्हटलं, सॉना आहे, ओतणारच. म्हणाली, सुकवायचे होते, बाई. ओलाव्यात त्या सहा सापळ्यांची बुरशी बाकी सगळ्यांना लागली. इथून ती तळ्याच्या चारी कोपऱ्यांत गेली.
योरान म्हणाला, माझे तर डिकीतच राहणार होते. इंगेमारने त्याला गप्प केलं. वाटलं, आता माझ्यावर ओरडेल. ओरडला नाही. टोपी घातली आणि काठाकाठाने घरी गेला. ओरडला असता तर उत्तर तयार होतं.

२४ ऑगस्ट
मत्स्य खात्याला फोन केला. कालचीच बाई म्हणाली, आता तळ्यात एकही उरणार नाही. काही वर्षं तसंच राहू द्या, जिच्यावर जगायचं ती शेवंडच नाही म्हटल्यावर बुरशीही मरेल. मग बघू. म्हटलं, तोवर समितीने काय करायचं? माझी अकरा कलमी योजना तयार आहे. म्हणाली, काही करू नका. म्हटलं, म्हणजे सुरुवातीला? म्हणाली, बाई, तुम्ही काहीच करू नका.

२५ ऑगस्ट
काही केलं नाही.

२६ ऑगस्ट, सकाळी नऊ
काही केलं नाही. अजून अख्खा दिवस पडला आहे.