देवक कोणतं, एवढंच विचारलं

२७ मार्च १९८३, रविवार
जूनपासून नवा पेपर माझ्या गळ्यात. सांस्कृतिक मानवशास्त्राची मूलतत्त्वं. विभागप्रमुख म्हणाले, जुन्या नोट्स आहेत, वाचून दाखवा. मला ते पटत नाही. पुस्तकातली सगळी माणसं दूरच्या बेटांवर राहतात आणि माझी मुलं गंगापूरहून एस.टी.नं येतात. स्वतः न पाहिलेलं शिकवणं ही एक प्रकारची लबाडीच.
संकल्प: सुट्टीत फील्डवर्क. फील्ड: खालचा मजला.
घरमालक तात्यासाहेबांची थोरली मुलगी मथुरा, तिचं लग्न मे महिन्यात. मुलगा वैजापूरचा. असं लग्न घरबसल्या पाहायला मिळणं हे अभ्यासकाचं भाग्य. दमयंती म्हणाली, "अहो, आपण भाडेकरू आहोत त्यांचे." मी म्हणालो, भाडेकरू बाहेरचा असतो, निरीक्षक आतला. ती कांदा चिरत राहिली.

२९ मार्च, सकाळ
फील्डमध्ये प्रवेश. मथुराच्या आईनं, वच्छलाबाईंनी, पोहे दिले. खाल्ले. हे सहभागी निरीक्षण की नुसता नाश्ता? प्रामाणिकपणे ठरवता येत नाही. पुन्हा एकदा खाऊन पाहणे.

३ एप्रिल
रॅपो, म्हणजे लोकांशी जवळीक, उत्तम. मला पाहून बायका बोलायच्या थांबतात, म्हणजे माझं अस्तित्व त्यांनी स्वीकारलं आहे.
तात्यासाहेबांच्या आत्या, आवडाबाई, ओसरीवर गहू निवडत होत्या. त्यांना देवक विचारलं. आमच्याकडे गोत्र पाहतात, यांच्याकडे देवक. कुळाचं झाड म्हणा. लग्नाआधी त्याची डहाळी मांडवात बसवून पूजा. दोन घरांचं देवक एक निघालं तर ती भाऊ-बहिणीची घरं, सोयरीक होत नाही. पुस्तकात याच प्रकरणाला टोटेम आणि बहिर्विवाह अशी दोन मोठी पानं आहेत. आवडाबाईंनी एका शब्दात सांगितलं, कळंब. मी खोलात गेलो तेव्हा म्हणाल्या, "त्याचं लई बोलायचं नसतं, सर. ते बसतं अन् उठतं. तेवढंच." मग सूप उचलून आत गेल्या. दाराला कडी लावल्याचा आवाज आला. दुपारचं ऊन लागत असावं.

१० एप्रिल
सुपारी फोडायला सगळे वैजापूरला. मीही गेलो. कुणी बोलावलं नव्हतं, पण जीपमध्ये जागा होती.
मोंढ्याच्या मागे घर. नवऱ्या मुलाची आजी सरूबाई, डोळ्यांनी अधू, पण आठवण पक्की. तिच्याजवळ बसलो, कुळ विचारलं, मूळ गाव विचारलं, शेवटी देवक. म्हणाली, "कळंब की रे बाबा." मी चकित. पुन्हा विचारणार तेवढ्यात मुलाचे चुलते कडूबा दारात दिसले. केव्हापासून उभे होते कोण जाणे. आजी दमली म्हणाले, आणि तिला धरून आत नेलं. आजी दमलेली वाटत नव्हती.
परतताना जीपमध्ये कुणी बोललं नाही. समाधानाची शांतता.

१२ एप्रिल, रात्र
त्रिकोण म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे बाई, अशी दोन्ही घरांची आकृती फळ्यावर काढली. इकडे कळंब, तिकडे कळंब. हे लग्न नियमात बसत नाही. तरी ठरलं. यांना माहीत नाही?
सांगावं का? रात्रीचं जेवण गेलं नाही. सांगावं तर मी फील्डमध्ये ढवळाढवळ करणार. न सांगावं तर मी माणूस म्हणून कसला? शेवटी शास्त्राचा निर्णय मानला: निरीक्षकानं मत देऊ नये. तोंड बंद.
जिन्यात मथुरा भेटली. बी.ए.ला माझ्याच वर्गात होती. इकडंतिकडं पाहून म्हणाली, "सर, लग्न होईपर्यंत आता काही विचारू नका ना घरात. मागच्या वर्षीचं तुम्हाला माहिती आहे." माहिती आहे. मागच्या वर्षी साखरपुडा होऊन मोडला. तात्यासाहेब आठवडाभर चिकलठाण्याला कारखान्यात कामावर गेले नव्हते. हेही मोडलं तर तिला तिसरं स्थळ कोण आणणार? शिवाय पाठीवर धाकटी आहे. मी वचन दिलं.
म्हणजे यांना माहीत आहे. फारच रोचक.

१७ एप्रिल
वचन पाळतो आहे. खाली गेलो नाही. फक्त गॅलरीतून पाहिलं. दमयंती म्हणाली, "शहाणे आहात." तिच्या स्वरात काही वेगळं नव्हतं ना, यावर बराच वेळ विचार केला.

२४ एप्रिल
हे नीट लिहिलं पाहिजे.
आज बस्ता, म्हणजे लग्नाच्या कपड्यांची खरेदी. गुलमंडीत दुकान. गादीवर दोन्हीकडची मंडळी, मधे साड्यांचा ढीग. मी तात्यासाहेबांच्या आग्रहावरून गेलो, म्हणजे त्यांनी नको म्हटलं नाही. वातावरण उत्तम. कडूबा विनोद करत होते. वच्छलाबाईंना म्हणाले, "घ्या की भारीतली, विहीणबाई, तात्यासाहेबांना कारखाना इकू द्या." वच्छलाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. मथुरानं अंजिरी रंगाची साडी मांडीवर घेतली होती, आणि ती कधी नव्हे ती मोकळी दिसत होती.
माझ्या मनात एकच: माहिती कधीही एका तोंडावर सोडू नये. एक अधू म्हातारी, एवढ्यावर वर्गात उभं राहू? कडूबांच्या कानाशी गेलो. हळू विचारलं. तुमचंही कळंबच ना, तात्यासाहेबांसारखं?
मथुराला दिलेलं वचन घराबद्दल होतं. हे दुकान होतं.
कडूबा ऐकून न ऐकल्यासारखे साडीचा काठ पाहू लागले. पण त्यांच्या पलीकडे भावकीतले एक म्हातारे, कानानं जड. "काय म्हणले सर?" मी पुन्हा सांगितलं. त्यांना ऐकू गेलं नाही. तिसऱ्यांदा वर्गातल्यासारखं सांगितलं, शब्द सुटे करून.
दुकानदाराचा हात साडी उलगडता उलगडता थांबला. मग तो उलगडतच राहिला, एकामागून एक, कुणी पाहत नसताना. मथुरानं मांडीवरची साडी घडी करून ढिगावर ठेवली.
बस्ता झाला नाही.

२५ एप्रिल
काल रात्रीपासून खाली आवाज नाही. रेडिओ नाही, भांडं नाही. सातत्यानं एक मुद्दा स्वतःला सांगतो आहे: मी विधान केलं नाही, प्रश्न केला. शेवटी प्रश्नचिन्ह होतं.
सकाळी जिन्यात आवडाबाई बसलेल्या. मी उतरलो तर वाट द्यायला पाय आखडले नाहीत. परत वर आलो. दूध दमयंतीनं आणलं.

२८ एप्रिल, दुपार
वैजापूरची जीप आली. माणसं उतरली, कडूबा आणि ते म्हातारे धरून. वच्छलाबाई तांब्या-भांडं घेऊन बाहेर आल्या. पाणी कुणीही घेतलं नाही. तांब्या तसाच ओसरीवर राहिला. गॅलरीतून मला सगळं दिसत होतं. पाणी नाकारणं म्हणजे देवाणघेवाणीचं नातं तोडणं. पुस्तकात अगदी हेच.
जीप गेली. त्यानंतर खालून रडण्याचा आवाज येईल असं वाटलं. आला नाही. तो आला असता तर बरं, असं का वाटलं?

२ मे
तात्यासाहेब वर आले. दमयंतीनं दिलेली खुर्ची घेतली नाही, दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. मी क्षमा मागण्यापूर्वी थोडी पार्श्वभूमी समजावून द्यावी म्हणून सुरुवात केली. त्यांनी हात वर केला.
म्हणाले, "सर, आमाला म्हाईत नव्हतं व्हय? मला म्हाईत, कडूबाला म्हाईत, त्यांच्या म्हातारीला म्हाईत. पोरगं चांगलं, पोरगी चांगली. कुणी बोललं नाय म्हणून चाललं व्हतं. आता चारचौघांत निघालं. आता म्हाईत नाय असं कुणी कसं म्हणावं?"
मी म्हणालो, मला खरंच वाटलं की... ते म्हणाले, "तुमाला वाटलं, व्हय. शिकलेलं माणूस."
मग अगदी शांतपणे बाकीचं सांगितलं. लग्न मोडलेलं नाही. वैजापूरवाल्यांनी वाट काढली. मथुराचा मामा, सांडू, त्याचं देवक वेगळं. मथुरा मामाला दत्तक जाणार. त्याच्या दारात मांडव, त्याचं देवक, कन्यादान मामा-मामीचं. पत्रिकाही त्याच्याच नावानं. पंधरा दिवसांपूर्वी छापलेल्या बंबात घातल्या.
मी म्हणालो, म्हणजे शेवटी मार्ग निघाला! फारच लवचीक असते संस्कृती. 
तात्यासाहेब चौकटीपासून सरळ झाले. मग म्हणाले, जूनमधे दुसरी खोली बघा.
ते गेल्यावर दमयंती स्वयंपाकघरात गेली आणि दार लोटून घेतलं.

३ मे
फील्डमधून माघार घेणं ही अभ्यासाची मान्यताप्राप्त शेवटची पायरी आहे. बहुतेक अभ्यासक तिच्याकडे दुर्लक्ष करतात. मी तिच्यावर वेगळं व्याख्यान घेईन.
खडकेश्वरला एक खोली पाहिली. अंधारी आहे.

२२ मे, रविवार
लग्नाला जाऊ नये असं ठरवलं होतं. दमयंती म्हणाली, "आहेर घेऊन जायचं आणि मागे बसायचं. एक शब्द बोलायचा नाही." तसं केलं.
गंगापूरच्या पलीकडे, मामाच्या गावात मांडव. ऊन मरणाचं. पुढे सांडू आणि त्याची बायको नव्या कपड्यांत, उपरण्याची गाठ बांधून बसलेले. वच्छलाबाई बायकांच्या घोळक्यात कुठंतरी, दिसल्या नाहीत. मी शेवटच्या रांगेत खुर्ची घेतली. थोड्या वेळानं शेजारच्या खुर्चीत कुणी बसलं. तात्यासाहेब. धुवट धोतर, डोक्याला फेटा नाही. वैजापूरकरांची अट होती, मथुराचा खरा बाप कोण याची कुणाला आठवण येईल असं कुणी पुढे दिसू नये. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. इतर खुर्च्या भरल्या होत्या.
अंतरपाट धरला. मथुरा तेवढीशी दिसली, माणसांच्या डोक्यांमधून, अंजिरी नव्हे, हिरव्या साडीत. मंगलाष्टकं संपताना तात्यासाहेबांनी मूठभर अक्षता टाकल्या. त्या पुढच्या रांगेतल्या टोप्यांवर पडल्या. 
पुढचा माणूस खांद्यावरच्या अक्षता झटकत मागे वळला. वऱ्हाडातला असावा, ओळख नव्हती. हसून तात्यासाहेबांना म्हणाला, "पाव्हणं, कोणाकडचे म्हणायचे तुम्ही? नवरीकडचे का नवऱ्याकडचे?"
मी तोंड उघडलं. पण एक शब्द बोलायचा नाही, असं ठरलं होतं.
तात्यासाहेबांनी उरलेल्या अक्षता मुठीत घट्ट धरल्या. म्हणाले, "मी का? सरांच्या बरोबर आलोय."