झऱ्याखालचा कार्दो

तीर्थरूप देल्फिनोदादास, धाकट्या एउलालियाचा नमस्कार. गुडघा कसा आहे? रोसेंदावहिनीचा खोकला थांबला का? दोघांची प्रकृती उत्तम आहे असं धरून चालते, कारण पुढचं वाचून ती बिघडणार आहे.

तुझ्या जावयाबद्दल लिहायचं आहे. सान लोरेन्सोच्या सणाला पाहुणे जमणार, म्हणून तुझी बेलेन ओक्ताव्हिओला घेऊन मदतीला आली. ती अंगणात मिरच्या भाजत बसली (पोरगी गुणी आहे, आपल्या आईवर गेली आहे, नवरा निवडताना कोणावर गेली देव जाणे). जावईबापूंना मी म्हटलं, तुम्ही बसा. बसणं त्यांना जमत नाही. टेबलं मांडायला जागा करतो म्हणून गवत कापायचं यंत्र घेऊन निघाले, आणि एवढं माळरान सोडून शिरले कुठे, तर झऱ्याखालच्या दलदलीत.

दादा, पेकोस नदीपलीकडचा झरा विहिरी खणून खणून आटवला आणि तिथला कार्दो संपला. आपला टिकला, कारण बाबांनी कुंपण घालून गायी बाहेर ठेवल्या. वर्षानुवर्षं कार्दोचं ते काटेरी झाड चिखलात पानं पसरून बसतं, मग एकदाच माणसाहून उंच होतं, पांढरं फुलतं, बी टाकतं आणि मरतं. बी धरायच्या आत जावईबापूंनी त्यातले तीन कापले. वर मलाच सांगतात, "आत्याबाई, तण माजलं होतं. साफ केलं."

"तण तुम्ही," मी म्हटलं. "ते इथलेच आहेत. तुम्ही दोन वर्षांपूर्वी आलात."

संध्याकाळी त्यांनी ते कापलेले दांडे पुन्हा चिखलात खोचले आणि काठ्यांना बांधले. बेलेनला हसू आलं. मी आता तिच्याशीही बोलत नाही.

वहिनीला नमस्कार.

तुझी संतापलेली बहीण,
एउलालिया

ता. क. ट्रॅक्टर आणि जाड साखळी घेऊन ताबडतोब ये. यंत्राचा आवाज ऐकून मी त्यांना अडवायला धावले, ती गाडीतून. फाटक उघडायला थांबले नाही. गाडी दलदलीत पोटापर्यंत रुतली आहे.

आणखी एक. गाडीखाली अकरा कार्दो आहेत. जावईबापूंना हे ठाऊक नाही. ते रोज सकाळी माझी माफी मागतात, आणि मी अजून त्यांना माफ केलेलं नाही.