तेबोराने नाउरू का म्हटलं

प्रिय बाबा,

तुमच्या शेजारची तिना काल राम्बीहून बोटीने इकडे सुव्हाला आली. तुमचा गुडघा पुन्हा धरलाय म्हणाली. आणि शनिवारपासून तुम्ही तेबोराचं नाव घेत नाही, हेही म्हणाली.

तुम्ही रेडिओत नव्या बॅटऱ्या घातल्यात, तो मानेआबात, गावाच्या सभाघरात नेलात, आख्ख्या उमा गावाला चटयांवर बसवलंत. ‘माझी नात आज सगळ्या सुव्हाला पाणी पाजते बघा!’ आणि बाबा, शाळांच्या त्या प्रश्नमंजुषेत पाजत होती हो ती. हिरोशिमा कोणत्या वर्षी, कोरियाची फाळणी कुठल्या रेषेवर, सुएझ कालवा कुठल्या समुद्रांना जोडतो. प्रश्न संपतोय न संपतोय तोच हिचं उत्तर. माझ्या शेजारी ऑफिसातली व्हासिती बसली होती. सारखी कोपराने ढोसत होती, ‘अगं, हिला खायला काय घालतेस?’ मी नुसती फुगले होते.

मग तो शेवटचा प्रश्न. फॉस्फेटसाठी कोणतं बेट खणून काढलं आणि युद्धानंतर तिथल्या माणसांना फिजीत आणून वसवलं? तुम्ही तिकडे टाळ्यांसाठी हात उचलले असतील. तेबोराने प्रश्न विचारणाऱ्याकडे पाहिलंच नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. ‘नाउरू,’ ती म्हणाली.

‘बानाबा’ म्हणणाऱ्या दुसऱ्या शाळेला ढाल गेली. व्हासिती म्हणाली, ‘जाऊ दे गं, त्या खतवाल्यांचं बेट कुणाच्या लक्षात राहतंय!’ आणि मी हसले, बाबा. तिच्याबरोबर हसले.

तुम्ही रेडिओ बंद केलात आणि काठी न घेताच घरी निघालात म्हणे. ‘पोरीला जगाचं ठाऊक, आजाचं गाव ठाऊक नाही.’ समोर वाढलेल्या माशाला कुणी हात लावला नाही.

तिला ठाऊक आहे. बानाबावर तुमची आई पाण्यासाठी गुहेत कशी सरपटत उतरायची, राम्बीवर पहिले दिवस तुम्ही भर पावसात तंबूत कसे काढलेत, सगळं तिला पाठ आहे. घरी येताना बसमध्ये मी विचारलं, ‘आठवलं नाही का गं?’ तर म्हणाली, ‘आठवलं होतं. पण तुला कसं माहीत, असं त्यांनी विचारलं असतं ना. तूच म्हणतेस, आपण राम्बीचे नाही, तावेउनी बेटाचे असं सांगायचं.’

हो, मीच म्हणते. फॉस्फेटच्या पैशांसाठी लंडनच्या कोर्टात आपला खटला चालला, तेव्हापासून ऑफिसात कुणी ना कुणी टोचतं, ‘आमचं राम्बी बेट मिळालं, आता आणखी काय हवंय तुम्हाला?’ मी गावच बदलून टाकलं. पोरीचंसुद्धा.

हे मी तुम्हाला कळवू नये असं तिचं म्हणणं. ‘आजोबांना मी मठ्ठ वाटले तर वाटू दे. तुझा राग आला तर ते तुला घरात घेणार नाहीत.’ नाताळच्या बोटीने ती येतेय, आणि तोंड मिटून तुमची बोलणी खायची तिची तयारी आहे. म्हणून तिच्या नकळत हे लिहिलं. तिला बोलू नका, बाबा. मानेआबात सगळ्यांसमोर तिला तुमच्या चटईवर बसवा आणि तोच प्रश्न पुन्हा विचारा. मी तिच्यामागून बोटीतून उतरू की नाही, ते तुम्ही ठरवा.

तुमचीच,
केतिया