प्रेमिलासाठी भिंतीतले स्पीकर

रविवार, १६ मार्च. सकाळी साडेसात.

संकल्प: हॉलला पुट्टी लागायच्या आत भिंतीतले स्पीकर निवडायचे. निवड मी करणार. प्रेमानंद म्हणाला, "बाबा, मी ऑनलाइन पाहून घेतो ना." सपशेल नाही म्हटलं. आमचे चिरंजीव मिहानमधल्या आयटी कंपनीत कॉम्प्युटरसमोर बसतात, चपलासुद्धा रेटिंग पाहून घेतात. स्पीकर कानाने घ्यायचा असतो, आणि या घरात कान माझा. कामठीला तीस वर्षं पॉवरलूमवर काढली, शेवटची बारा जॉबर म्हणून, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करायचे. साठ माग एकदम धडधडत असताना कोणता आजारी आहे ते दारात उभा राहून सांगायचो.

स्पीकर कशासाठी, ते कोणालाच सांगितलेलं नाही. इथे लिहितो. प्रेमिलाने गाणं सोडलं. नक्की केव्हा ते आठवत नाही, पाच-सहा वर्षं झाली असतील. लग्न झाल्यापासून रोज सकाळी पोळ्या लाटताना भीमगीतं, बुद्धगीतं गायची. रात्रपाळीहून यायचो तेव्हा चहा समोर ठेवून ऐकत बसायचो, चहाचं पाणी व्हायचं. आता सकाळी घर मुकं असतं. वय झालं, आवाज बसला असेल. विचारून कशाला दुखवा?

प्रेमानंदच्या मोबाइलमध्ये विहारातल्या महिला मंडळाच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग आहे, त्यात ती एकटी गायली आहे, असं तो म्हणाला. जुनंच असणार. पेनड्राइव्हवर घेतलं. १२ मेला बुद्धपौर्णिमा. त्या दिवशी तिचा आवाज भिंतीतून काढायचा.

रविवार, २३ मार्च.

धरमपेठेतलं दुकान. अनिश नावाचा मुलगा माल दाखवतो, बोलायला गोड. भिंत कापून आत बसवायचे, वरून फक्त जाळी, जाळीला भिंतीचाच रंग. मोठा गोल ढोलकासाठी, छोटा बारीक आवाजासाठी. सहा जोड्या ऐकल्या. ढोलक सुरेख. बाईचा आवाज एकीतही नाही! अनिशला आवाज वाढवायला लावला. ढोलक आणखी सुरेख. प्रेमानंद कानावर हात ठेवून बाहेर गेला, शेजारच्या खोलीतलं गिऱ्हाईक डोकावून गेलं. अनिशला सांगितलं, तुमच्याकडे छोट्या स्पीकरचा अख्खा लॉट खराब आलाय, कंपनीला कळवा.

बुधवार, २ एप्रिल.

आणखी दोन दुकानं. तोच खराब लॉट. नागपुरात माल पाहणारा कोणी उरलाच नाही.

प्रेमानंदचं एकच टुमणं, "बाबा, कान दाखवून देऊ ना डॉक्टरले." म्हटलं, घे परीक्षा. समोर बसवून हळू आवाजात बोलायला लावलं, अगदी कुजबुज. शब्दन्‌शब्द परत म्हणून दाखवला. लूमवर मागांच्या खडखडाटात कोण काय बोलतं ते ऐकू कुठे यायचं? सगळे एकमेकांच्या ओठांकडे पाहून बोलायचे. ती सवय माझी अजून आहे. समोर माणूस असला की काही सुटत नाही. निकाल: कान शंभर टक्के.

शनिवार, ५ एप्रिल.

आजकालचा माल. दाराची बेल बदलली, नवीही मुकी. पाहुणे दार बडवतात तेव्हा कळतं. नवा कुकर शिटी देत नाही, आज वरण करपलं. माया म्हणाली, "बाबा, सात शिट्ट्या झाल्या, मी वरून मोजून राहिली होती." सून चांगली आहे, पण अतिशयोक्ती फार.

प्रेमिलाचा रुसवा चालू आहे. ओट्याकडे तोंड करून उभी असते, काही विचारलं तरी उत्तर नाही. तीनदा विचारलं की वळते आणि डोळे भरलेले असतात. म्हणते, "कितीकदा सांगू?" एकदाही सांगितलेलं नसतं. तरी मी वाद घालत नाही. १२ मे दूर नाही.

सोमवार, १४ एप्रिल. जयंती.

मिरवणुकीत डीजे छातीत वाजला! एक ठोका सुटला नाही. ज्यांना शंका असेल त्यांनी यावं. प्रेमिला बाजूने चालत होती, तिचा हात धरला होता. ती काहीतरी बोलत होती, पण गर्दीत तिच्याकडे वळून पाहता आलं नाही.

रविवार, २० एप्रिल.

निर्णय. आठ इंची मोठी जोडी. बाईचा आवाज तिच्यातही नीट उघडत नाही, पण दुकानात एसी असतो, बाहेर ट्रॅफिक. घरी शांततेत नक्की उघडेल. अनिश म्हणाला, "काका, एकदा अजून विचार करून घ्या. भिंत कापली का वापस नाही होत." मी तीस वर्षं मशिनरीत काढलेला माणूस. म्हटलं, काप.

मंगळवार, ६ मे.

भिंत कापली. पारा चव्वेचाळीसवर, कूलरच्या हवेने विटांची धूळ घरभर. माया बोलत नाही. प्रेमिलाने विचारलं, "काहून गा हा सारा खटाटोप?" म्हटलं, कळेल. आठवड्याने ती माझ्या शेजारी बसून स्वतःचा आवाज ऐकेल, आणि कोण जाणे, पुन्हा गायला लागेल. एवढंच पाहिजे. बाकी मला काही नको.

सोमवार, १२ मे. बुद्धपौर्णिमा. संध्याकाळ.

लिहायचं नव्हतं. लिहितो.

वंदना झाली. खीर झाली. महिला मंडळाच्या बाया, शेजारी, वीसेक माणसं. अनिशलाही बोलावलं होतं. उभं राहून चार शब्द बोललो. म्हटलं, प्रेमिलाने गाणं सोडल्यापासून हे घर मुकं झालं होतं, आज तिचा आवाज परत आणतो. प्रेमानंदने आणि मायाने एकमेकांकडे पाहिलं. मला वाटलं, भारावले.

पेनड्राइव्ह लावला. ढोलक सुरू झालं. थांबलो. ढोलकच. एक बाई डोळे पुसत होती, दुसरी मान डोलावत होती. मला कळेना, नुसत्या ढोलकावर रडण्यासारखं काय आहे? शेवटी सगळ्यांसमोर ओरडलो, "अनिश, छोटा स्पीकर बंद हाय तुझा! बाईचा आवाज कुठी गेला?"

अनिश खाली पाहू लागला. सगळ्या बाया माझ्याकडे पाहू लागल्या. प्रेमानंदने गाणं बंद केलं, माझ्यासमोर येऊन बसला आणि सावकाश बोलला, "बाबा, आईचा आवाज पूर्ण घरात येऊन राहिला होता. हे गाणं मागच्याच साली गायली ते." म्हटलं, पण तिने तर सोडलं ना? तो म्हणाला, "कधी सोडलं? रोज सकाळी गाते ते किचनमधी. आज बी गायली. आम्ही तिच्या गाण्यानं उठतो."

प्रेमिला पातेलं घेऊन आली. माझ्या वाटीत आणखी खीर वाढली. मी खाल्ली. सगळ्यांसमोर मान खाली घालून खाल्ली. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त भीती वाटली. पाच-सहा वर्षं ती रोज गात होती, आणि मी पलीकडच्या खोलीत बसून तिचा आवाज बसला म्हणून हळहळत होतो.

मंगळवार, १३ मे. सकाळी सात.

प्रेमानंदने डॉक्टरची वेळ घेतली आहे, शुक्रवारची. हो म्हटलं. कारणं सांगत बसलो नाही.

साडेसहाला स्वयंपाकघरात गेलो. ती ओट्याशी होती, पाठ माझ्याकडे. आजपर्यंत दारातूनच परत फिरायचो. आज आत जाऊन फ्रिजला टेकून उभा राहिलो, तिचा चेहरा दिसेल असा. तिचे ओठ हलत होते. मला पाहून थांबली. म्हणाली, "काय पाहून राहिले?"

म्हटलं, "गा वं. थांबू नको."

तिने कडवं धरलं. मधेच माझ्याकडे वळून विचारलं, "येऊन राहिलं का ऐकू?" हो म्हणायची फार सवय आहे मला. आज नाही म्हटलं. मला रडू आलं, तिलाही. तिने पदराने आधी माझे डोळे पुसले, तव्यावरची पोळी उलटली आणि पुढचं कडवं गायली, माझ्याकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा.

शब्द सगळे कळले. चाल ओठांवर दिसत नाही.